निम्मी क्षमता आणि पाव वीज: लेकीच्या प्रकल्पातल्या एका वाक्याबद्दल

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नववीतल्या लेकीने विज्ञानाच्या प्रकल्पात लिहिलं, ‘भारतात आता निम्मी वीज कोळशाशिवाय तयार होते.’ सरांनी त्यावर लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, ‘सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशाचीच.’ तुम्ही पुन्हा बातम्या काढून पाहिल्या, तर सरकारनेच निम्म्याचा टप्पा गाठल्याचं जाहीर केलेलं. मग चुकलं कोण? त्याला जोडून दुसरा प्रश्न: सोलापुरात एवढं ऊन, तुमच्या छतावरही पॅनेल बसलेत, मग देश कोळशाचे संच बंद का करत नाही?

मी एकतीस वर्षं या कामात होतो. सुरुवातीची बारा विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात, २१० मेगावॅट संचाच्या कंट्रोल रूममध्ये. पुढची सगळी भार प्रेषण केंद्रात, म्हणजे कोणत्या केंद्राने या घडीला किती वीज द्यायची हे जिथून सांगितलं जातं तिथे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाची दोन्ही टोकं मी हाताळलेली आहेत.

सर बरोबर आहेत. लेकीने वाचलेली बातमीही बरोबर आहे. वाक्य चुकलं ते एका शब्दामुळे. बातमीत ‘क्षमता’ होती, वाक्यात ‘वीज’ आली.

आधी आकडे पाहू. ३० जून २०२५ रोजी देशाची स्थापित क्षमता सुमारे ४ लाख ८५ हजार मेगावॅट होती. त्यातली सुमारे २ लाख ४२ हजार कोळसा, लिग्नाइट, वायू आणि थोडं डिझेल यांची. उरलेली जवळपास तेवढीच सौर, पवन, जल, अणू आणि जैवइंधन यांची. सौर १ लाख १६ हजारांच्या आसपास, पवन ५१ हजारांच्या वर, मोठी जलविद्युत ४९ हजार, अणुऊर्जा पावणेनऊ हजार. निम्मी क्षमता जीवाश्म इंधनाशिवायची करण्याचं उद्दिष्ट भारताने २०३० साठी ठेवलं होतं, ते पाच वर्षं आधी गाठलं. ही मोठी गोष्ट आहे आणि लेकीला तिचा आनंद वाटला असेल तर तो रास्तच आहे. पण २०२४-२५ या वर्षात देशात जी वीज प्रत्यक्ष तयार झाली, ती १८०० अब्ज युनिटच्या थोडी वर, त्यात जीवाश्म इंधनाशिवायचा वाटा सुमारे पावच होता. बाकीचा जवळजवळ सगळा कोळशाचा.

निम्म्याचं पाव कसं झालं? शेतकऱ्याच्या घरात हे पटकन कळतं. एकाकडे ५ एचपीचे तीन पंप आहेत. एक विहिरीवर, दुसरा बोअरवर, तिसरा कालव्यावर. विहिरीला बारमाही पाणी आहे. बोअर दोन तासांत दम टाकतं. कालव्यावरचा पंप आवर्तन सुटेल तेव्हाच चालतो. पंप मोजले तर तिन्ही सारखे. रानात पोचलेलं पाणी मोजलं तर चित्र अगदी वेगळं. मेगावॅट म्हणजे पंपाचा एचपी, युनिट म्हणजे रानात पोचलेलं पाणी.

हाच हिशेब विजेला लावू. वर्षाचे तास ८७६०. सौर प्रकल्प वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या साधारण २० टक्के वीज देतो. रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन हे सगळं वजा जाऊन तेवढीच उरते. म्हणजे १ मेगावॅट सौरपासून वर्षाला सुमारे साडेसतरा लाख युनिट. चांगल्या जागी, सूर्याबरोबर फिरणारी पॅनेल असतील तर याहून जास्त मिळतात. कोळशाचा १ मेगावॅट ७० टक्क्यांनी चालला तर ६१ लाख युनिट, अणुकेंद्राचा ८५ टक्क्यांनी चालला तर ७४ लाख. कोळशाच्या एका मेगावॅटची वर्षाची वीज भरून काढायला सौरचे साडेतीन मेगावॅट लागतात ते यामुळे. लेकीला हा गुणाकार स्वतः करू द्या. तो एकदा हाताने केला की बातमीतले आकडे तिला कायमचे वाचता येतील.

इथवर शाळेच्या प्रश्नाचं उत्तर झालं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र हा हिशेब पुरत नाही. प्रश्न फक्त क्षमतेचा असता तर साडेतीन पट सौर बसवून आपण मोकळे झालो असतो, आणि सौर आज स्वस्तही आहे. भार प्रेषण केंद्रात बसल्यावर पहिल्या आठवड्यात एक गोष्ट अंगी मुरते: वीज कोठारात पडून राहत नाही. जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती, आणि तीही त्याच क्षणाला. कमी-जास्त झालं की फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं, हलते. ती ५० हर्ट्झवर हवी, आणि ४९.९० ते ५०.०५ एवढाच तिचा मान्य पट्टा आहे. निर्मिती कमी पडली की खाली, जास्त झाली की वर. आमच्या समोरच्या भिंतीवर तो एकच मोठा आकडा असायचा आणि घरी जेवताना सुद्धा नजर नकळत भिंतीकडे जायची.

म्हणून वर्षाच्या सरासरीवरून इंधनांचं गणित कळत नाही, ते घड्याळाबरोबर पाहावं लागतं. उन्हाळ्यातला एक दिवस घेऊ. पहाटे पाचला मागणी बऱ्यापैकी असते. रात्रभर पंखे, कूलर, एसी चाललेले असतात आणि ती सगळी भिस्त कोळशावर, थोडी पवन आणि अणूवर. साडेसहा-सातनंतर राजस्थान, गुजरात, कर्नाटक, आपल्याकडचे सौर प्रकल्प जागे होतात. दहा वाजेतो सौर निर्मिती भराभर चढते, आणि कोळशाच्या संचांना आम्ही ‘बॅकडाउन’ सांगू लागतो, म्हणजे भार उतरवा. निरभ्र दिवशी दुपारी देशात सौरचे साठ-सत्तर हजार मेगावॅट सहज असतात. तेव्हा देशाची मागणी कडक उन्हामुळे वर असली तरी ती भागते. ३० मे २०२४ ला देशाने अडीच लाख मेगावॅटची विक्रमी मागणी पुरी केली ती दुपारीच. पूर्वी दुपारची ही शिखरं आम्हाला घाम फोडायची. आता ऊन ज्याला तापवतं त्यालाच गार ठेवायची वीजही देतं. इथे सौरने देशावर खरोखर उपकार केलेत.

अवघड वेळ पुढे येते. साडेचारनंतर सौर ढासळू लागतं आणि अडीच-तीन तासांत ते साठ-सत्तर हजार मेगावॅट शून्यावर येतात. नेमकं त्याच वेळी लोक घरी परततात, दिवे लागतात, मिक्सर, टीव्ही, एसी सुरू होतात. मागणी चढते आणि एक अख्खा स्रोत मावळतो. ही दरी रोज भरायची असते, न चुकता, सणासुदीला आणि पावसातही. आज ती बहुतांशी कोळसा भरतो, त्याला जलविद्युत हातभार लावते.

आता कोळशाचा संच हे काम कसा करतो ते पाहा, कारण ‘बंद का करत नाही’ याचं उत्तर तिथेच आहे. घरी बंब पेटवलेला आठवत असेल. पेटवला की लगेच कढत पाणी मिळत नाही, आणि तापला की लगेच विझवताही येत नाही. औष्णिक संच म्हणजे दहा-पंधरा मजली उंचीचा बंब. पूर्ण थंड संच चालू करायचा तर आधी तेलावर बॉयलर पेटवायचा, धातू हळूहळू तापवायचा, वाफेचा दाब आणायचा, टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर नेऊन ग्रिडशी, म्हणजे देशभरच्या वीजतारांच्या जाळ्याशी, जुळवायचं. यात अर्धा दिवस जातो, कधी त्याहून जास्त. घाई केली तर जाड धातूला आतून-बाहेरून वेगवेगळा ताण बसतो आणि पुढे कधीतरी नळी फुटते. म्हणून संध्याकाळी सहाला लागणारा संच दुपारी दोनला बंद करता येत नाही. तो दुपारभर मंद आचेवर चालू ठेवावा लागतो. ही मंद आचही किती मंद, याला सीमा आहे. बहुतेक संचांना क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत उतरवता येतं. त्याखाली गेलं की भट्टीतली ज्योत डळमळते, आधाराला तेल जाळावं लागतं. ही सीमा टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणायचं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये ठरवलं आहे. काही संचांना ते जमेल, पण जुन्या संचांवर त्यासाठी बराच खर्च करावा लागेल.

चढण्याचा वेगही मोजका. मिनिटाला साधारण एक टक्का. ५०० मेगावॅटचा संच २७५ वर उभा असेल तर त्याला पूर्ण भारावर यायला पाऊण तास लागतो, तोही सगळं सुरळीत असेल तर. ओला कोळसा दळणाऱ्या मिलमध्ये चिकटला, मिलला कोळसा पुरवणारा एखादा फीडर अडला, की तो पाऊण तास दीड तास होतो. कंट्रोल रूममध्ये पावसाळ्यातल्या संध्याकाळी आम्ही किती वेळा कोळशाच्या बंकरवर हातोडे मारणाऱ्या माणसांच्या भरवशावर होतो, हे बाहेर कुणाला दिसत नाही. मला त्या माणसांचा आजही आदर वाटतो.

पाण्याची वीज याच्या अगदी उलट, नळासारखी. सोडला की काही मिनिटांत सुरू, बंद केला की बंद. महाराष्ट्राचं भाग्य म्हणजे कोयना. १९६० मेगावॅट. पण लेकीला सांगा, क्षमता आणि वीज यांतला फरक दाखवायला कोयनेइतकं चांगलं उदाहरण नाही. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलं आहे. सगळे संच रात्रंदिवस पूर्ण चालवले तर ते पाणी एक तिमाहीही पुरणार नाही. म्हणून कोयना आम्ही राखून वापरतो: संध्याकाळी, सकाळच्या चढाला, किंवा कुठे एखादा मोठा संच अचानक ट्रिप झाला, म्हणजे बंद पडला, तर. वर्षाच्या युनिटांत तिचा वाटा लहान दिसतो, पण ज्या मिनिटांत ती धावून येते त्या मिनिटांची किंमत कुठल्याच तक्त्यात नसते.

ते मी एकदा फार जवळून पाहिलं. ५ एप्रिल २०२०, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरचे दिवे मालवायचं आवाहन होतं. देशभरात मागणी बारा-चौदा हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजारांनी उतरली. दोन दिवस आधीपासून योजना ठरली होती: कोळशाचे संच आधीच खाली आणायचे, नऊच्या आधी जलविद्युत वर चढवून ठेवायची आणि दिवे मालवू लागले की ती झपाट्याने उतरवायची. नऊच्या आगेमागे पंचवीस मिनिटांत देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी १७ हजार मेगावॅटहून जास्त निर्मिती कमी केली आणि नंतर पुन्हा चढवली. फ्रिक्वेन्सी मान्य पट्ट्याबाहेर गेली, तरी ४९.७० ते ५०.२६ च्या आत राहिली. टाळेबंदीचे दिवस, खोलीत मोजकी माणसं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, आणि कुणी बोलत नव्हतं. नऊ वाजून वीस मिनिटांनी आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ सहकाऱ्याने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले, तेव्हा कळलं की झालं. कोळशावर एकट्यावर ते जमलं नसतं, सौर तर रात्री नव्हतंच. वेगवेगळ्या स्वभावाची इंधनं का लागतात हे त्या रात्रीनंतर मला कुणी शिकवायची गरज उरली नाही.

वायू आणि अणू यांच्याबद्दल थोडक्यात. वायूचे संच चटकन चालू होतात, संध्याकाळची दरी भरायला ते उत्तम. पण देशातला वायू पुरत नाही आणि आयातीचा महाग पडतो, त्यामुळे सुमारे २० हजार मेगावॅट क्षमता बहुतेक काळ स्वस्थ बसून असते. दाभोळचं जवळपास २००० मेगावॅटचं केंद्र त्यातलंच. अणुकेंद्र उलट, ते एकसारखं चालतं आणि तसंच चालवायचं असतं. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ पासूनचे, आपल्या राज्यातले. देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. तो वाढेल, पण अणुकेंद्र उभारायला दशक लागतं.

आता कोळशाबद्दल माझं मत, कारण वर वाचून मी त्याची वकिली करतोय असं वाटू शकेल. बारा वर्षं मी ती राख अंगावर घेतली आहे. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, राखच असते. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण चालला तर दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास कोळसा खातो, म्हणजे मालगाडीचे दोन रेक, आणि अडीच हजार टनांहून जास्त राख मागे ठेवतो. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. हिशेब तुम्हीच करा. सिमेंट आणि विटांना बरीच राख जाते, पण बंधाऱ्यांत साठलेली राख उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर आसपासच्या गावांवर येते. आमच्या वसाहतीत दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकूनच आत घ्यावे लागत. मुलांचे खोकले लवकर जात नसत. त्या काळात भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्र अंधारात असायचा आणि आपण वीज देतोय याचा अभिमानही खरा होता. पण ज्या गावांच्या छातीवर ती राख बसली त्यांनी या विजेची किंमत बिलाबाहेर मोजली आहे, आणि हे मी प्रत्येक वेळी सांगतो.

दुसरं, पाणी. कोळशाच्या केंद्राला वाफ थंड करायला सतत पाणी लागतं. २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. तुमच्या जवळच फताटेवाडीला १३२० मेगावॅटचं केंद्र आहे, त्याला उजनीचं पाणी येतं. सोलापूरकरांना उजनीच्या पाण्याचं महत्त्व मी काय सांगावं. सौर पॅनेलला पुसण्यापुरतंच पाणी पुरतं. दुष्काळी पट्ट्यात ही गोष्ट कार्बनच्या मुद्द्याइतकीच मोलाची आहे, आणि तिच्यावर पुरेसं बोललं जात नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं: कोळशाचे संच किती आहेत यापेक्षा ते किती तास आणि किती भाराने चालतात हे कमी करत नेलं पाहिजे. दुपार सौरने मोकळी केली. आता संध्याकाळ आणि रात्र मोकळी करायची आहे, आणि त्याला साठवण लागेल. साठवण म्हणजे फक्त बॅटरी नव्हे. दुपारच्या जादा विजेने खालचं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी तेच पुन्हा टर्बाइनमधून सोडायचं, ही उदंचन पद्धत आपल्याकडे जुनी आहे. अकोले तालुक्यात घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आहे, भिरा येथे १५० मेगावॅटचा. शंभर युनिट खर्च करून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, पण दुपारचं स्वस्त युनिट संध्याकाळी नेता येतं. सह्याद्रीच्या कड्यांवर खाली-वर जागा भरपूर आहेत, म्हणून इथे अनेक नवे प्रकल्प आखले जात आहेत. मात्र तिथलं जंगल आणि तिथली माणसं यांना विचारात घेतल्याशिवाय ते रेटू नयेत. चंद्रपूरच्या गावांच्या बाबतीत जे झालं ते सह्याद्रीत पुन्हा होता कामा नये.

ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं, मग आपण का नाही, असंही लोक विचारतात. त्यांच्याकडे समुद्रातली पवन आहे, वायू आहे, अणू आहे, शेजारी देशांच्या तारा आहेत, आणि मागणी वर्षानुवर्षं वाढत नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात लाखो घरांत पहिला कूलर किंवा पहिला एसी येतो. ती वाढ भागवून मग जुनं कमी करायचं आहे. १८८२ मध्ये पहिलं कोळसा केंद्र सुरू झाल्यापासून शेवटचं बंद व्हायला त्यांना १४२ वर्षं लागली. आपल्याला तेवढी लागणार नाहीत अशी माझी खात्री आहे, पण तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. साठवण किती वेगाने स्वस्त होते, राजस्थान-गुजरातेतून वीज आणणाऱ्या वाहिन्या वेळेवर उभ्या राहतात का, आणि शेतीची मागणी दिवसा किती सरकते, यावर ते ठरेल.

शेतीचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. वर्षानुवर्षं आपण शेतीपंपांना चक्राकार पद्धतीने वीज देत आलो, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या वेळापत्रकावर माझ्यासारख्यांच्या हाताचे ठसे आहेत. रात्री दोनला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला साप चावल्याच्या बातम्या मी ड्यूटी संपवून घरी जाताना वाचल्या आहेत. ग्रिड सांभाळायला तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या वीजवाहिन्या, दिवसा चालवायचं काम चालू आहे. यात शेतकऱ्याची रात्र वाचते, रात्रीचा कोळसा वाचतो आणि दुपारची सौर वीज वाया जात नाही. इंधनांचं चित्र बदलणारी एवढी साधी गोष्ट मला माझ्या सगळ्या नोकरीत दुसरी दिसली नाही.

शेवटी तुमचं छत. ‘रात्री आमच्या घरात कोळशाचीच वीज येते का?’ असं तुम्ही विचारलंत. ग्रिड उजनीसारखं आहे. वरून इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड सगळ्यांचं पाणी एकत्र येतं. नळाला आलेलं पाणी कोणत्या नदीचं हे सांगता येत नाही. पण कोणत्या महिन्यात कुठून जास्त आलं हे सांगता येतं. तसंच रात्री तुमच्या घरात येणाऱ्या विजेत बहुतांश वाटा कोळशाचा असतो. जून ते सप्टेंबर वारा जोरात असतो, तेव्हा साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्यांचाही वाटा वाढतो. आणि हे ग्रिड आता फक्त राज्याचं नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली तेव्हा दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एका लयीत जोडलं गेलं आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. तो शेवटचा सांधा तुमच्या सोलापुरात आहे, हे लेकीला जरूर सांगा.

म्हणून वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री, गाडी चार्ज करणं हे सगळं ऊन असताना उरका. नेट मीटर, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज वजा करणारा मीटर, असल्यामुळे बिलात महिन्याचा हिशेब सारखा दिसेल, पण दुपारी वापरलेलं युनिट आणि रात्री आठला वापरलेलं युनिट ग्रिडसाठी सारखं नसतं. दरही आता त्याच दिशेने जात आहेत, दुपारी स्वस्त आणि संध्याकाळी महाग. आणखी एक, कारण दर पावसाळ्यात मला यावर फोन येतात: वीज गेली की साधी छतावरची यंत्रणाही बंद पडते, लख्ख ऊन असलं तरी. ती बिघडलेली नसते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छताकडून धक्का बसू नये म्हणून ती तशी बनवलेली असते.

प्रकल्पासाठी सुचवतो. ते वाक्य तिने असं लिहावं: ‘जून २०२५ मध्ये भारताची निम्मी वीजनिर्मिती क्षमता जीवाश्म इंधनाशिवायची झाली, मात्र २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत अशा स्रोतांचा वाटा सुमारे पाव होता.’ खाली दोन वर्तुळं काढावीत, एक क्षमतेचं, एक विजेचं. राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र रोजचा अहवाल सगळ्यांसाठी खुला ठेवतं. त्यात आदल्या दिवशी कोणत्या इंधनाची किती वीज झाली ते असतं. त्यातला मे महिन्यातला एक दिवस आणि ऑगस्टमधला एक दिवस तिने शेजारी शेजारी मांडावा. ऑगस्टमध्ये पवन आणि पाणी वाढलेलं तिला स्वतःला दिसेल. सरांना दाखवताना ते दोन दिवस आधी दाखवायला सांगा, वर्तुळं नंतर.